तिपाईचं पत्र

एप्रिल २०२४ मध्ये मिरजेला जाऊन आले आणि नोव्हेंबर २०२२ पासून चाललेलं एक काम पूर्ण झालं. ब्रिटिश चित्रकाराच्या हातचं, कोपऱ्यात रेखाटन असलेलं एक पत्र मला विकत घ्यायचं होतं. हे क्षेत्र मला नवं होतं. मी ब्रिस्टलला एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करते. लिलावघरात कधी पाऊल ठेवलं नव्हतं आणि मराठीत यावर लिहिलेलं काही सापडेना. म्हणून जसं घडलं तसं लिहिते आहे.

सुरुवात बाबांपासून झाली. बाबा साठच्या दशकात मुंबईच्या जेजे स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले आणि पुढे आयुष्यभर मिरजेच्या शाळेत चित्रकला शिकवत राहिले. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या किती बॅचेस त्यांच्या हाताखालून गेल्या असतील! जॉन ग्रिफिथ्सचं नाव मी त्यांच्याकडूनच ऐकलं होतं. हा वेल्सचा माणूस १८६५ मध्ये मुंबईला जेजेत शिकवायला आला. पुढे विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याला गेला आणि तिथल्या भित्तिचित्रांच्या मोठमोठ्या नकला त्याने कॅनव्हासवर करून घेतल्या. त्या लंडनला पाठवल्या गेल्या आणि १८८५ च्या आगीत त्यांतल्या बऱ्याच जळाल्या. पेस्तनजी बोमनजींसारख्या विद्यार्थ्यांची वर्षानुवर्षांची मेहनत होती ती. बाबा हे सांगताना दर वेळी थांबतात. त्यांचे ऐंशी सरले. त्यांच्या हातात त्या काळातल्या चित्रकाराचा एक खरा कागद द्यावा, असं मनात आलं.

ग्रिफिथ्सचं पत्र बाजारात मिळेना. मग ग्रिफिथ्सबरोबरच १८६५ ला जेजेत आलेल्या लॉकवुड किपलिंगकडे, म्हणजे लेखक रुडयार्ड किपलिंगच्या वडिलांकडे, वळले. क्रॉफर्ड मार्केटच्या दारावरची शिल्पं त्याची. त्याच्या बायकोची एक बहीण एडवर्ड बर्न-जोन्सला दिलेली आणि दुसरी एडवर्ड पॉइंटरला. म्हणजे जेजेच्या आवारातल्या किपलिंगच्या घराचे सोयरे लंडनच्या चित्रकलेच्या ऐन मध्यावर बसलेले होते. बर्न-जोन्सची पत्रं मिळतात, पण त्यात त्याने काढलेलं गमतीचं चित्र असलं की किंमत माझ्या कुवतीबाहेर जाते. शेवटी नावाचा हट्ट सोडला आणि त्याच पिढीतल्या कुणाही चित्रकाराचं पत्र चालेल असं ठरवलं. बजेट ठेवलं दोनशे पौंड, सगळं धरून.

पहिली चूक जानेवारी २०२३ मध्ये झाली. एका ऑनलाइन विक्रेत्याकडून ४५ पौंडांना 'सहीचं पत्र' घेतलं. सुंदर अक्षर, तपकिरी शाई, चित्रकार ओळखीचा. लॅबमध्ये दहापट भिंगाची सवय असल्यामुळे घरी आल्या आल्या भिंगाखाली धरलं आणि पोटात गोळा आला. टाकाने लिहिलं की शाई सगळीकडे सारखी नसते. रेघ सुरू होते तिथे दाट, मध्ये फिकी, टाक पुन्हा दौतीत बुडवला की परत दाट. एक रेघ दुसरीवरून जाते तिथे काळपट ठिपका पडतो आणि टाकाच्या टोकाने कागदावर बारीक चर उमटतो. या पत्रात यातलं काहीच नव्हतं. सगळी शाई एकसारखी सपाट होती. ती शिळाछापाने काढलेली नक्कल होती. नामांकित लोकांच्या पत्रांच्या अशा नकला तेव्हा पुस्तकांसाठी छापल्या जात. विक्रेता व्यावसायिक असल्यामुळे चौदा दिवसांच्या आत परत करता आलं. पोस्टाचे साडेसात पौंड गेले. मुदतीत लिहून पाठवा, फोनवर बोलून सोडू नका.

त्यानंतर दोन महिने मी काहीच घेतलं नाही, फक्त पाहिलं. माझ्या मते या सगळ्यातला हा सर्वांत मोलाचा भाग. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये रेखाटनांची अभ्यासिका आहे. आधी वेळ घेतली की तिथे कुणालाही बसता येतं, पैसे पडत नाहीत, पदवी विचारत नाहीत. मी ओळखपत्र घेऊन गेले. पेन बाहेर ठेवायला सांगतात, पेन्सिलच आत न्यायची. मागितलेलं रेखाटन समोरच्या स्टँडवर ठेवतात आणि तुम्ही हवं तितका वेळ बघत बसता. काचेशिवाय, गर्दीशिवाय. शंभर-दीडशे वर्षांपूर्वीची पेन्सिलची रेघ चार बोटांवर होती आणि तिच्यात कुठे हात अडखळलाय, कुठे भरभर गेलाय, ते दिसत होतं. मला अक्षरशः भरून आलं. रेघ बघायला तिथे शिकले. इंग्लंडमध्ये राहणाऱ्या कुणाला हा छंद करायचा असेल, तर पैसे खर्च करण्याआधी दोन दिवस तिथे घालवा.

त्याच दिवसांत लिलावाच्या कॅटलॉगची भाषा शिकले. चित्रकाराचं पूर्ण नाव नुसतं दिलेलं असलं तर ते लिलावघराच्या मते त्याचंच काम. 'अॅट्रिब्युटेड टु' म्हणजे बहुधा त्याचं. 'सर्कल ऑफ' म्हणजे त्याच्या आसपासच्या कुणाचं तरी. 'मॅनर ऑफ' म्हणजे त्याच्या शैलीत, पण बरंच नंतरचं. 'आफ्टर' म्हणजे त्याच्या चित्रावरून केलेली नक्कल. पत्रांच्या बाबतीत 'ए. एल. एस.' अशी अक्षरं दिसली की समजायचं, सगळा मजकूर त्याच्याच हातचा आणि खाली सही. नुसतं 'एल. एस.' असेल तर लेखनिकाने लिहिलेलं आणि सही फक्त त्याची. कापलेल्या सह्याही खूप विकायला असतात. व्हिक्टोरियन काळात सह्या जमवायची लाटच होती आणि लोक चांगल्या पत्राच्या तळाची सही कात्रीने कापून वहीत चिकटवत. त्या मी मुळीच घेऊ नका म्हणेन. सही कुणाची ते कळतं, माणूस कळत नाही.

रेखाटनांचं भय मात्र जास्त आहे. टॉम कीटिंगने चित्रकार सॅम्युएल पामरच्या नावावर खपवलेली चित्रं १९७६ मध्ये उघडकीला आली. एरिक हेबॉर्न तर जुने कोरे कागद मिळवून त्यावर जुन्या कलावंतांसारखी रेखाटनं करायचा आणि ती मोठमोठ्या तज्ज्ञांनी खरी मानली. म्हणजे कागद जुना आहे एवढ्यावर विसंबता येत नाही. पत्रात निदान पत्ता असतो, तारीख असते, कुणाला लिहिलंय ते असतं, आणि यातली प्रत्येक गोष्ट तपासता येते. म्हणून सुटं रेखाटन न घेता, रेखाटन असलेलं पत्रच घ्यायचं हे पक्कं केलं.

मार्च २०२३ मध्ये पाच पत्रांच्या एका गठ्ठ्यावर बोली लावली आणि हरले. ३२० पौंडांना गेला. त्या रात्री खूप हळहळले. पण गठ्ठा परवडला असता तरी त्यातली चार पत्रं जेवणाच्या आमंत्रणाला 'येऊ शकत नाही' असं कळवणारी होती. अशी पत्रं या चित्रकारांनी ढिगाने लिहिली. मी पाहिलेल्या लिलावांत ती तीस ते ऐंशी पौंडांच्या दरम्यान जात होती. नुसतं काहीतरी हातात यावं एवढंच असेल तर तिथून सुरुवात करायला हरकत नाही.

मे महिन्यात ग्लॉस्टरशरमधल्या एका लिलावघराच्या यादीत ते पत्र दिसलं. रॉयल अकॅडमीचा सभासद असलेला चित्रकार, आज फारसा कुणाच्या लक्षात नसलेला. नाव इथे देत नाही, कारण पुढे सांगते. घडी घातलेला एक ताव, दोन पानं मजकूर, आणि दुसऱ्या पानाच्या डावीकडे तळाला पेन आणि शाईने काढलेली तिपाई. तीन पायांची, साधी, वर गोल फळी. चित्रासाठी मित्राकडून उसनी आणलेली तिपाई परत पाठवतोय, एक पाय निखळला होता तो नीट करून घेतलाय, असा मजकूर. अंदाजे किंमत ८० ते १२० पौंड.

लिलाव बुधवारी, १७ मे ला. आदल्या दिवशी सुट्टी काढून प्रत्यक्ष पाहायला गेले. हे चुकवू नका. फोटोत दिसलं नव्हतं ते तिथे दिसलं: पत्र चारही कोपऱ्यांना सरस लावून एका जाड वहीच्या पानावर चिकटवलेलं होतं. तपकिरी बुरशीचे डाग होते, पण रेखाटनावर नाही. भिंगाखाली शाई दाट-फिकी होत होती, टाकाचा चर होता. तिथल्या बाईंना विचारलं, कुठून आलं? एका घरातल्या जुन्या वहीतलं, एवढंच त्यांना सांगता आलं. तेही मी त्यांच्याकडून ईमेलवर लिहून घेतलं. पुढे पत्र देशाबाहेर नेण्याच्या परवान्याच्या वेळी तोच ईमेल कामी आला.

बुधवारी कँटीनमध्ये फोनवरून ऑनलाइन बोली लावत होते. मर्यादा १५० ठरवली होती. १४०, १५०, मग समोरचा थांबेना म्हणून १६०. हातोडा पडला. हात थरथरत होते आणि शेजारच्या टेबलवरच्या सहकाऱ्याने विचारलं, घरी सगळं ठीक आहे ना?

आता हिशेब, कारण नवखा माणूस इथेच फसतो. हातोडा १६० पौंड. त्यावर खरेदीदाराचा प्रीमियम, म्हणजे लिलावघराचं कमिशन, २६ टक्के, ४१.६०. त्या प्रीमियमवर व्हॅट २० टक्के, ८.३२. ऑनलाइन बोलीचे ५ टक्के, ८ पौंड, आणि त्यावर व्हॅट १.६०. एकूण २१९.५२ पौंड, तेव्हाच्या दराने सुमारे तेवीस हजार रुपये. म्हणजे हातोड्याच्या किमतीवर जवळजवळ सदतीस टक्के वर. बोलीची मर्यादा ठरवताना हे सगळं धरून उलटा हिशेब करा. माझं दोनशेचं बजेट इथेच ओलांडलं गेलं.

पुढचा प्रश्न सरसाचा. मित्रमंडळींनी वाफ द्या, पाणी लावा असे सल्ले दिले. त्या काळातली लोहयुक्त शाई ओलाव्याने पसरते आणि कागद खाते, हे वाचलेलं असल्यामुळे मी हात लावला नाही. इंग्लंडमध्ये कागद-संवर्धन करणाऱ्यांची एक मान्यताप्राप्त नोंदवही आहे, तिच्यावरून तासाभराच्या अंतरावरच्या एक बाई सापडल्या. खर्चाचा अंदाज ९५ पौंड, वेळ सात आठवडे. ऑगस्टमध्ये आणायला गेले तेव्हा त्यांनी फाटलेली घडी कशी जोडली ते दाखवलं: पातळ जपानी कागदाची पट्टी आणि गव्हाच्या सत्त्वाची खळ. मला कुरडयांचा चीक आठवला. आईने शिजवलेला तो चीक आणि ही खळ, मूळ एकच.

मागचं जाड पान सुटल्यावर पत्र पहिल्यांदा उजेडाकडे धरता आलं. कागदाच्या पोटात वॉटरमार्क होता: जॉयन्सन, केंटमधली कागदाची गिरणी. त्या काळात पत्रलेखनाला हा कागद सर्रास वापरत. पत्र आता पारदर्शक पॉलिएस्टरच्या पाकिटात, आम्लरहित पुठ्ठ्याच्या पेटीत, कपाटात असतं. फ्रेम करून भिंतीवर लावलं नाही, कारण उजेडाने शाई उडते. लॅमिनेशन कधीच नाही, चिकटपट्टी कधीच नाही. हातमोजेही लागत नाहीत. हात धुऊन कोरडे करायचे, एवढं पुरतं.

मग तारखेचा शोध. पत्रावर वर्ष नव्हतं, फक्त 'गुरुवार, १२ मार्च' आणि लंडनचा पत्ता, शेवटी नुसतं 'डब्ल्यू', म्हणजे पश्चिम टपाल विभाग. लंडनचे टपाल विभाग १८५७-५८ मध्ये पडले आणि अक्षरापुढे आकडा लावायला १९१७ मध्ये सुरुवात झाली. म्हणजे पत्र त्या साठ वर्षांतलं. रॉयल अकॅडमीच्या प्रदर्शनांत १७६९ ते १९०४ पर्यंत कुणी काय मांडलं याचे अल्जर्नन ग्रेव्ह्जने केलेले आठ खंड आहेत, स्कॅन होऊन फुकट वाचायला मिळतात. त्यात दर वर्षी चित्रकाराचा पत्ता दिलेला असतो. आमचा माणूस या पत्त्यावर १८७१ ते १८७८ या वर्षांत सापडला. आता या आठ वर्षांत १२ मार्चला गुरुवार कधी आला? फक्त १८७४ मध्ये. हे कळलं ती ऑक्टोबरमधली शनिवारची दुपार होती. मी स्वयंपाकघरात उभी राहून मोठ्याने म्हटलं, १८७४! त्या वर्षी ग्रिफिथ्स मुंबईत जेजेत मुलांना शिकवत होता.

आता नाव का देत नाही ते. पत्र माझ्या मालकीचं आहे, त्यातला मजकूर नाही. ब्रिटनच्या कायद्यात १९६९ पूर्वी वारलेल्या माणसाचं कधीच न छापलेलं लिखाण २०३९ च्या अखेरीपर्यंत वारसांच्या हक्कात राहतं, मग ते दीडशे वर्षांपूर्वीचं का असेना. चित्राचं तसं नाही; चित्रकार जाऊन सत्तर वर्षं झाली की ते मोकळं. म्हणजे एकाच पानावरची तिपाई छापता येते आणि तिच्या शेजारच्या ओळी छापता येत नाहीत. हक्कदार कोण हे शोधायला रेडिंग विद्यापीठ आणि टेक्सासचं हॅरी रॅन्सम सेंटर मिळून चालवतात ती 'वॉच' नावाची यादी पाहा. वारसांना मी पत्र लिहिलंय, उत्तराची वाट पाहते आहे. तोवर नाव न देणं मला बरं वाटतं.

शेवटचा टप्पा परवान्याचा, आणि सर्वांत जास्त शिकवणारा. पत्र मिरजेला नेऊन बाबांना दाखवायचं आणि परत आणायचं, एवढंच होतं. पण पन्नास वर्षांहून जुनं हस्तलिखित ब्रिटनबाहेर न्यायचं तर किंमत कितीही कमी असो, परवाना लागतो, तात्पुरतं नेलं तरीही. चित्रांना किमतीची मोठी मर्यादा आहे, तिच्याखाली सूट मिळते. हस्तलिखिताला ती सूट नाही. अर्ज आर्ट्स काउन्सिल इंग्लंडकडे. मी ६ फेब्रुवारी २०२४ ला भरला. दोन्ही बाजूंचे फोटो, मोजमाप, किंमत, कुठून घेतलं त्याची पावती आणि लिलावघरातल्या बाईंचा तो ईमेल. मध्ये एकदा पत्राच्या आधीच्या मालकीबद्दल प्रश्न आला, तो त्याच ईमेलने सुटला. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात परवाना हातात आला.

अर्ज पडून होता त्या दिवसांत मी आपल्याकडचा कायदा वाचायला घेतला, आणि हे आधी करायला हवं होतं. १९७२ चा पुरावस्तू कायदा पंचाहत्तर वर्षांहून जुन्या, ऐतिहासिक वा कलात्मक मोल असलेल्या हस्तलिखिताला पुरावस्तू मानतो आणि पुरावस्तू खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. पत्र मूळचं इंग्लंडचं आहे हे मला ठाऊक. परतीच्या वेळी मुंबई विमानतळावर रात्री दोन वाजता ते कागदपत्रांनिशी पटवून देता येईल का, याची मला खात्री वाटेना. पत्र तिथेच अडकलं तर? दोन रात्री झोप नीट लागली नाही. शेवटी ठरवलं, मूळ पत्र न्यायचं नाही. दोन्ही देशांचे नियम अर्जाआधी वाचा, एवढं तुम्हाला सांगून ठेवते. वापरला न गेलेला परवाना पेटीत पत्राशेजारीच ठेवलाय.

मग पत्र मोठ्या रिझोल्यूशनवर स्कॅन केलं, चांगल्या कागदावर मूळ आकारात छापून घेतलं आणि तिपाईचा भाग चौपट मोठा करून वेगळा छापला. छपाईला १८ पौंड पडले. बाबांना प्रत दाखवायची याचं वाईट वाटत होतं. ग्रिफिथ्सच्या जळालेल्या नकलांबद्दल थांबून बोलणाऱ्या माणसाला मी एक नक्कलच देणार होते.

बाबा ओसरीवर खुर्ची उजेडाकडे वळवून बसले. आधी मोठी केलेली प्रत बाजूला ठेवली, मूळ आकाराची घेतली. मी १८७४ चं गणित सांगत होते, ते ऐकत होते की नाही कळेना. भिंग मागितलं. बराच वेळ झाला.

"चित्र आधी काढलंय," ते म्हणाले.

मी म्हटलं, कशावरून? पत्र लिहून झाल्यावर उरलेल्या जागेत काढलं असेल ना.

"ही ओळ बघ. पायापाशी आली आणि वर सरकली. पुढची ओळ पायाच्या उजवीकडे जागा सोडून सुरू झालीय. चित्र नंतर काढलं असतं तर ओळी सरळ आल्या असत्या आणि पाय अक्षरांवर चढला असता." त्यांनी नखाने दाखवलं. खरंच, तीन ओळी तिपाईला वळसा घालून गेल्या होत्या. अकरा महिने मी ते पत्र भिंगाखाली, उजेडासमोर, स्क्रीनवर पाहत होते आणि मला ते दिसलं नव्हतं.

"म्हणजे पान कोरं असतानाच त्याने आधी तिपाई मांडली," बाबा म्हणाले, "आणि मग मित्राला लिहायला बसला." आणि त्यांनी माझ्याकडे पेन्सिल मागितली. प्रतीच्या मागच्या कोऱ्या बाजूवर, त्याच मापाची, त्याच कोनातली तिपाई ते काढू लागले.